रंगांचे मालक

जर्मन साम्राज्याचा पहिला पेटंट कायदा १ जुलै १८७७ रोजी अमलात आला. पेटंट क्रमांक १ दुसऱ्याच दिवशीच्या तारखेचे आहे. ते न्यूरेंबर्गच्या योहानेस झेल्टनर यांना मिळाले आणि कशासाठी, तर तांबडे अल्ट्रामरीन तयार करण्याच्या कृतीसाठी. वाफेचे यंत्र नाही, तोफ नाही, तारयंत्र नाही. जर्मनीने सरकारी शिक्का मारून दिलेला पहिला हक्क एका रंगाच्या कृतीचा होता. त्या दिवशी शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा देशव्यापी कायदा नव्हता, पेटंट कचेरीही नव्हती. बाझल शहरातले रंगांचे कारखाने मात्र धडधडत होते. जर्मन रसायनतज्ज्ञाने शोधलेला रंग बाझलमध्ये बनवला, तर बनवणाऱ्याला कोणी कोर्टात खेचू शकत नव्हते. पुढची तीस वर्षे जर्मन कारखानदार या शेजाऱ्याला लुटारू राष्ट्र म्हणत राहिले.

या दोन शेजाऱ्यांची गोष्ट समजून घ्यायची तर तिसऱ्यापासून, म्हणजे फ्रान्सपासून सुरुवात करावी लागते.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या अॅनिलीनपासून जांभळा रंग तयार केला. त्यानंतर युरोपभर रसायनतज्ज्ञ अॅनिलीनच्या मागे लागले. फ्रान्समधल्या लिओंच्या वेर्गाँ यांनी अॅनिलीनवर कथिलाच्या क्लोराइडची क्रिया करून झगझगीत किरमिजी रंग काढला. रेनार बंधू आणि फ्रांक या पेढीने १८५९ साली त्याचे पेटंट घेतले आणि त्याला फुक्सिन हे नाव दिले. रेशमावर हा रंग असा चढला की लिओंच्या विणकरांना तो पुरेना. फ्रान्सचा १८४४ चा कायदा पदार्थालाच संरक्षण देणारा होता. रेनारांनी एकामागून एक फिर्यादी लावल्या आणि कोर्टांनी त्यांच्या बाजूने कौल दिला: फुक्सिन कुठल्याही रीतीने बनवा, ते रेनारांचेच. मुलूझच्या गेर्बर-केलर यांची रीत निराळी होती, त्यांनी पारा वापरला होता. तरी त्यांना हार खावी लागली. आर्सेनिक आम्ल वापरून जास्त उतारा देणारी रीत निघाली, पण तिच्या शोधकांनाही रेनारांच्याच दारात जावे लागले.

पुढे रेनारांच्या धंद्यातून ‘ला फुक्सिन’ नावाची मोठी भांडवली कंपनी उभी राहिली. तिच्यामागे क्रेदी लिओने या बँकेचा पैसा होता. स्पर्धकच नसल्याने ना भाव उतरले, ना कृती सुधारली. काही वर्षांतच ती बुडाली. फ्रान्सकडे उत्तम रसायनतज्ज्ञ होते, गिऱ्हाईक होते, पैसा होता; तरीही रंगांच्या धंद्यातली आघाडी त्याने दहा वर्षांत घालवली. कारणे अनेक आहेत, पण पदार्थावर दिलेला तो सरसकट हक्क त्यात फार वरच्या जागी बसतो, असे माझे मत आहे.

नवी रीत हाती असलेल्या फ्रेंच माणसाने मग करायचे काय? मुलूझहून बाझल तीसेक किलोमीटरवर. सरहद्द ओलांडली की फ्रेंच पेटंट संपले. बाझलमध्ये रेशमी फितींचा जुना आणि श्रीमंत धंदा होता, म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्याच गल्लीत. कारखान्याची घाण वाहून न्यायला ऱ्हाइन नदी होती. लिओंमध्ये जन्मलेले आणि बाझलमध्ये रेशीम रंगवणारे अलेक्सांद्र क्लाव्हेल यांनी १८५९ सालीच तिथे फुक्सिन बनवायला घेतले. त्यांच्या कारखान्यातून पुढे सीबा ही कंपनी झाली. औषधी मुळे आणि रंगाच्या लाकडांचा व्यापार करणारी गायगी ही अठराव्या शतकातली पेढी होती, तीही अॅनिलीनकडे वळली. १८८६ साली केर्न आणि सँडोझ यांचा कारखाना निघाला. सीबा, गायगी, सँडोझ ही नावे आपल्याकडे नंतर औषधांच्या बाटल्यांवर पोहोचली.

या सुरुवातीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकता येत नाही. आर्सेनिकच्या कृतीत प्रत्येक घाण्याबरोबर विषारी गाळ उरत असे. म्युलर-पाक यांच्या बाझलमधल्या कारखान्याने तो जमिनीत मुरू दिला. शेजारच्या घरातली माणसे विहिरीच्या पाण्याने आजारी पडली. शहराचे रसायनतपासनीस फ्रीडरिश गोपेल्सर्योडर यांनी पाणी तपासले, तर त्यात आर्सेनिक. १८६०च्या दशकाच्या मध्यावर खटला चालला, म्युलर-पाक दोषी ठरले आणि त्यांना धंदा सोडावा लागला. बाझलच्या त्या स्वातंत्र्याची किंमत आधी शेजाऱ्यांच्या विहिरींनी मोजली.

जर्मनीत तरी काय चालले होते? बायर आणि हेक्स्ट १८६३ चे, बाडिशे म्हणजे आजची बीएएसएफ १८६५ ची. तिघांचीही सुरुवात पर्किन आणि वेर्गाँ यांच्या शोधांवर झाली. जर्मन भूमी तेव्हा अनेक राज्यांत विभागलेली होती. प्रत्येकाचे पेटंटचे नियम वेगळे आणि त्यांतले सर्वांत मोठे राज्य प्रशिया पेटंट द्यायला फार नाखूष. मंजिष्ठेच्या मुळांतला तांबडा रंग, अॅलिझरिन, ग्रेबे आणि लीबरमान यांनी बर्लिनमध्ये कृत्रिमरीत्या बनवला. कारखान्यात चालेल अशी कृती बसवल्यावर बाडिशेने २५ जून १८६९ रोजी लंडनमध्ये अर्ज टाकला. पर्किनचा अर्ज एक दिवस उशिरा, २६ जूनला गेला. दोघांनी तिथला बाजार वाटून घेतला. जर्मनीत मात्र या रंगाला धड संरक्षण नव्हते, म्हणून अनेक कारखान्यांनी तो बनवला. भाव कोसळले आणि त्या झटापटीतच जर्मन कारखाने स्वस्त आणि शुद्ध माल काढायला शिकले. दक्षिण फ्रान्समधली मंजिष्ठेची शेते उजाड झाली. स्वित्झर्लंडला लुटारू म्हणणाऱ्यांचे स्वतःचे शिक्षण असे झाले होते. त्यांनी ते विसरायला नको होते.

१८७७ चा कायदा तयार होत असताना जर्मन रसायनतज्ज्ञांसमोर ला फुक्सिनचे उदाहरण ताजे होते. ऑगस्ट व्हिल्हेल्म होफमान ज्या जर्मन रसायन संस्थेचे धुरीण होते, तिने आग्रह धरला की पदार्थावर हक्क देऊ नका, कृतीवर द्या. एकच पदार्थ अनेक वाटांनी मिळतो. पहिल्याने एक वाट शोधली म्हणून बाकीच्या वाटा बंद करू नयेत. कायद्याने हे मान्य केले. रासायनिक पदार्थाला पेटंट नाही, ठरावीक कृतीला आहे. त्या वर्षअखेरीस बाडिशेच्या हाइनरिश कारो यांच्या मेथिलीन ब्लूच्या कृतीसाठी अर्ज गेला. डांबरापासूनच्या रंगांतले हे पहिले जर्मन पेटंट.

पण त्या कायद्यात आणखी दोन कलमे होती. मालकी कोणाकडे जाणार, हे मला वाटते त्यांनीच ठरवले. एक म्हणजे, हक्क शोध लावणाऱ्याला नाही, पहिला अर्ज करणाऱ्याला. कंपनीने अर्ज केला की कंपनी मालक. ज्याच्या हातून शोध लागला त्याचे नावसुद्धा कागदावर लागत नसे. ते नाव घालणे जर्मनीत १९३६ च्या कायद्याने सक्तीचे झाले. दुसरे कलम शुल्काचे. पेटंट मंजूर होताना ३० मार्क, दुसऱ्या वर्षी ५० मार्क आणि मग दर वर्षी ५० मार्कांची वाढ. पंधराव्या आणि शेवटच्या वर्षी ७०० मार्क. एका पेटंटचे पूर्ण आयुष्य पाच हजारांहून अधिक मार्कांचे. कारखान्यातल्या पगारी रसायनतज्ज्ञाला हे झेपणारे नव्हते. शंभर पेटंटे घेऊन त्यांतली दहा चालली तरी फायदा काढणाऱ्या कंपनीला ते सहज झेपत होते.

काँगो रेडची हकीकत पाहिली की हे नेमके कसे घडले ते दिसते. कापसाच्या धाग्याला रंग सहजी धरत नाही. रेशीम आणि लोकर रंग पिऊन घेतात. सुताला मात्र आधी तुरटीसारख्या रंगबंधकात भिजवावे लागते, सुकवावे लागते, पुन्हा रंगात बुडवावे लागते. दिवसच्या दिवस जातात. पाउल ब्योटिगर हा तरुण रसायनतज्ज्ञ बायरमध्ये काम करत असे. त्याने बेंझिडीनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना डायझो गट तयार केले आणि दोन्हीकडे नॅफ्थायोनिक आम्ल जोडले. मिळालेल्या लाल भुकटीच्या उकळत्या पाण्यात सूत नुसते बुडवले की लाल होऊन बाहेर येई. तुरटी नको, काही नको. रंग फार पक्का नव्हता, आम्लाचा थेंब पडला की निळसर डाग पडे. पण स्वस्त कापडाच्या धंद्यात तेवढे चालणारे होते. ब्योटिगरने बायर सोडले आणि १८८४ साली स्वतःच्या नावाने पेटंट घेऊन ते बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकले. बर्लिनमध्ये तेव्हा आफ्रिकेच्या वाटणीची परिषद भरली होती, काँगो सगळ्यांच्या तोंडी होते. रंगालाही तेच नाव पडले.

बायरला हा घाव वर्मी लागला. नुकताच नोकरीला लागलेला कार्ल डुइसबेर्ग कामाला लावला गेला. त्याने बेंझिडीनच्या जागी त्याचा चुलत पदार्थ टोलिडीन वापरून बेंझोपुर्पुरीन काढले, तेही सुताला थेट धरणारे. कृती वेगळी, म्हणून पेटंट वेगळे. आग्फा आणि बायर आधी भांडले, मग एकत्र आले आणि दोघांनी मिळून तिसऱ्यांना बाहेर ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्यांचे म्हणणे असे, की डायझो जोडणीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या रीतीत नवी रसायने घातली, यात शोध कसला? प्रकरण लायप्झिशच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८८९ साली निकाल लागला: रीत जुनी असली तरी हाती आलेल्या पदार्थात नवा, उपयोगी तांत्रिक गुण असेल तर पेटंट टिकेल.

या एका निकालाने जर्मन कारखान्यांचे रूप पालटले. आता प्रतिभेची वाट पाहायची गरज उरली नाही. शेकडो संयुगे शिस्तीने बनवा, सुतावर लावून बघा आणि ज्यात गुण दिसेल त्याचा अर्ज टाका. डुइसबेर्गच्या आखणीने एल्बरफेल्डला बायरची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. १८८६ ते १९०० या काळात सहा मोठ्या जर्मन कंपन्यांनी ब्रिटनमध्ये ९४८ पेटंटे घेतली; सहा मोठ्या ब्रिटिश कंपन्यांची संख्या ८६ होती. ब्योटिगरने साधले ते पुन्हा कोणाला साधू नये, म्हणून नोकरीच्या करारांत शोध कंपनीचा आणि नोकरी सोडल्यावरही ठरावीक वर्षे स्पर्धकाकडे जायचे नाही, अशा अटी घट्ट झाल्या. अमेरिकेच्या कायद्यात अर्ज शोधकानेच करायचा असल्याने अॅस्पिरिनच्या १९०० च्या अमेरिकी पेटंटवर फेलिक्स होफमान हे नाव तरी दिसते. त्या काळच्या जर्मन पेटंटांत अशी नावे शोधायला गेले, तर बहुतेक ठिकाणी कंपनीच हाती लागते. त्या बिननावाच्या माणसांची मला मनापासून खंत वाटते. लाल, निळ्या, पिवळ्या रंगांनी जग रंगवून ती पगाराच्या वहीत संपली.

आता सरहद्दीपलीकडे. स्विस लोकांकडून पेटंट कायदा नजरचुकीने राहून गेला होता, असे नाही. त्यांनी १८८२ साली सार्वमतात तो स्पष्ट नाकारला. तरीही १८८३ च्या औद्योगिक हक्कांच्या पॅरिस करारावर स्वित्झर्लंडची सही आहे आणि त्या कराराची आंतरराष्ट्रीय कचेरी बर्नमध्येच थाटली गेली. देशांतर्गत रेटा आला तो घड्याळवाल्यांकडून. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकेची यंत्राने बनलेली घड्याळे पाहून ते हादरले होते. १८८७ च्या सार्वमतात पेटंटला होकार मिळाला आणि १८८८ साली कायदा आला. बाझलच्या रंगवाल्यांना हा कायदा नको होता, आणि घटनेत व कायद्यात अशी अट बसवली गेली की ज्या शोधाचा प्रत्यक्ष नमुना करून दाखवता येतो त्यालाच पेटंट मिळेल. घड्याळाचा नमुना करता येतो. डायझो जोडणीचा कसा करणार? एका अटीने अख्खे रसायनशास्त्र कायद्याबाहेर राहिले. १९०२ साली बर्नच्या पेटंट कचेरीत आल्बर्ट आइन्स्टाइन तपासनीस म्हणून रुजू झाले. त्यांच्या पहिल्या काही वर्षांत त्या कचेरीत रंग बनवण्याच्या कृतीचे पेटंट मिळण्याची सोयच नव्हती.

बाझलवाले नुसते नकलाकार होते, असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. झुरिचच्या तंत्रविद्यालयातून शिकलेली माणसे त्यांच्याकडे होती. जर्मन पेटंटांची छापील वर्णने ते बारकाईने वाचत, कृती सुधारत आणि स्वतःचे शोधही लावत. त्या शोधांची पेटंटे ते घेत कुठे? जर्मनीत, ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये. गायगीच्या ट्राउगोट सांडमायर यांच्या कृतींना परदेशात संरक्षण होते, मायदेशात नव्हते. घरी मोकळीक आणि बाहेर हक्क, असा हा दुहेरी लाभ. जर्मनांचा संताप यावरच होता आणि त्यात तथ्यही होते. १८९१ साली जर्मनीने कायदा सुधारला: संरक्षित कृतीने थेट तयार झालेल्या मालालाही संरक्षण. त्यामुळे बाझलचा तसा माल जर्मनीत खपवणे अवघड झाले. पण उरलेले जग मोकळे होते. मोठ्या प्रमाणावरच्या स्वस्त रंगांत जर्मनांशी टक्कर देता येत नाही, हे ओळखून बाझलने थोडे पण महागडे, खास रंग हाती घेतले.

शेवटी प्रश्न सुटला तो जकातीच्या धाकाने. १९०४ च्या व्यापारी करारात जर्मनीने अट घातली: १९०७ संपेपर्यंत रासायनिक कृतींना पेटंट द्या, नाहीतर स्विस रंगांवर जकात वाढवू. स्विसांनी १९०५ साली घटनेतली नमुन्याची अट काढली आणि २१ जून १९०७ रोजी नवा कायदा केला. त्यातही त्यांनी आपले हित जपले. पेटंट कृतीलाच, पदार्थाला नाही. शिवाय कापड रंगवण्याच्या आणि सुधारण्याच्या रासायनिक कृती वगळल्या, कारण देशातल्या कापडवाल्यांना त्याचा जाच झाला असता.

तोवर बाझलच्या कंपन्याही मोठ्या झाल्या होत्या आणि आता पेटंट त्यांच्याही सोयीचे होते. १९१८ साली सीबा, गायगी आणि सँडोझ यांनी आपसांत संघ केला. १९२५ साली जर्मनीच्या बड्या कंपन्या आय. जी. फार्बेनमध्ये विलीन झाल्या. एका देशाने पेटंटच्या जोरावर आणि दुसऱ्याने पेटंटवाचून उद्योग उभारला, पण दोन्हीकडे शेवटी हक्क मूठभर कंपन्यांच्याच हाती गेले. फरक एवढाच की स्वित्झर्लंडने आपला कायदा उद्योग सज्ज होईपर्यंत लांबवला. लहान देशाने केलेली ही निवड मला रास्त वाटते.

भारताला या रंगांचा तडाखा आधी बसला होता. बाडिशेने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारची नीळ काही वर्षांत मागे पडली. पण युरोपातला हा अनुभव आपल्या कामीही आला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली भारतीय पेटंट कायद्यावर अहवाल दिला. देशातली बहुतांश पेटंटे परदेशी मालकांकडे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी इथे वापरलीच जात नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. जर्मनीचा धडा त्यांनी तपशिलाने तपासला आणि औषधे व रसायने यांच्या पदार्थाला नव्हे, कृतीलाच पेटंट द्यावे अशी शिफारस केली. १९७० चा कायदा तसाच झाला आणि १९७२ साली अमलात आला. त्याच्या आधारे मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्यांनी वेगळ्या कृतींनी स्वस्त औषधे काढली. या कायद्यावर परदेशी कंपन्यांनी बरेच तोंडसुख घेतले. पदार्थावरचे पेटंट जर्मनीत १९६८ साली सुरू झाले होते. स्वित्झर्लंडमध्ये ते १९७८ साली आले, म्हणजे भारताचा कायदा लागू झाल्यानंतर सहा वर्षांनी.

जागतिक व्यापार कराराच्या बंधनामुळे भारताने १ जानेवारी २००५ पासून पदार्थावर पेटंट द्यायला सुरुवात केली. सोबत कलम ३(ड) घातले: ज्ञात पदार्थाचे नवे रूप गुणकारितेत ठळक सरस नसेल, तर त्याला पेटंट नाही. त्या कलमाची मोठी परीक्षा घ्यायला कोर्टात आली ती बाझलचीच कंपनी. सीबा आणि गायगी १९७० साली एक झाल्या होत्या. १९९६ साली त्यांत सँडोझ मिसळून नोव्हार्टिस झाली. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट तिला हवे होते. तिच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आत. विरोधकांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला. नोव्हार्टिसचे अपील फेटाळले गेले आणि भारतीय कंपन्यांचे औषध बाजारात राहिले.